फ्रेंच पिक्चर आणि गौरम्माची उतरंड

फ्रेंच पिक्चर आणायचा असं लिंबाजीराव हनमंते यांनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात कार्यक्रम अगदी सरळ होता. दुकानात जायचं, सीडी घ्यायची, लातूरची गाडी धरायची, पोरीला पिक्चर दाखवायचा, संपलं. पाटबंधारे खात्यात उभी हयात कारकुनी करूनही एखादं काम सरळ होईल असं ज्या माणसाला वाटतं, त्याला काय म्हणावं? भाबडा म्हणा. त्यांची बायको सरजाबाई दुसरा शब्द वापरायची, पण तो इथं लिहिण्यासारखा नाही.

त्यांची पोरगी धम्मप्रिया बारावीला होती, आणि बारावी लातूरला होती. नांदेडात कॉलेजं नव्हती असं कुणी समजू नये. पण त्या दिवसांत मराठवाड्यात लेकरू जरा हुशार निघालं की त्याला लातूरला पाठवायचं आणि त्याच्यामागं त्याची आई पाठवायची, अशी रीतच पडून गेली होती. आई तिथं खोली करून राहणार, क्लासच्या वेळा सांभाळणार, वेळेवर गरम खाऊ घालणार. बाप मागं नोकरी करणार, हातानं खिचडी लावून खाणार आणि शनिवारी पिठाचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन एसटीत बसणार. शनिवारी नांदेडच्या स्टँडवर असल्या बापांची ही गर्दी! सगळ्यांच्या हातात पिशव्या, सगळ्यांच्या तोंडी फिजिक्स. ज्यांना स्वतःला सायकलचं पंक्चर काढता येत नव्हतं ते गुरुत्वाकर्षणावर वाद घालायचे. लिंबाजीराव त्यातलेच एक.

लातुरातल्या खोलीची मालकीण गौरम्मा. मूळची निलंग्याकडची, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची. तिच्या घरात एका रांगेत खोल्या होत्या आणि त्या फक्त बारावीवाल्यांनाच मिळायच्या. "माझ्या खोल्यांतनं डॉक्टर निघतात," असं ती सांगायची. ऐकणाऱ्याला वाटावं, अभ्यास हिनंच केला. तिचे कायदे कडक. मोठ्यानं हसायचं नाही, पाहुणे आणायचे नाहीत, आणि टीव्ही तर नावालाही नाही. टीव्ही दिसला की खोली खाली. ती सगळी गल्लीच तशी होती. केबलवाला त्या गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि मान खाली घालून पुढं निघून जायचा.

गौरम्माची आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण पुढं सगळा घोळ तिच्यामुळंच झाला. मागं तो मोठा भूकंप झाला, त्यानंतर त्या भागात घरोघर लोकांनी भांड्यांवर भांडी रचून ठेवली होती. हादरा बसला की भांडी पडणार, आवाज होणार, आणि माणसं बाहेर पळणार, असा तो हिशेब. हळूहळू लोकांनी भांडी उतरवली आणि स्वयंपाकाला घेतली. गौरम्मानं नाही उतरवली. तिच्या पडवीत फळीवर खाली हंडा, वर कळशी, वर चरवी, वर तांब्या, वर फुलपात्र अशी उतरंड अजून उभी होती. ती रोज तिच्यावरची धूळ झटकायची आणि पुन्हा रचायची. ती फळी होती लिंबाजीरावांच्या खोलीच्या भिंतीला, आणि ती भिंत होती एका विटेची. झालं.

आता मुख्य दुखणं. प्रिया बोलेनाशी झाली होती. नांदेडात असताना ही पोरगी झोपेतसुद्धा बोलायची. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बाईंची नक्कल, मग सरांची, मग बाईंनी सरांकडं कसं बघितलं त्याची. तीच पोरगी लातूरला गेली आणि दिवाळीपर्यंत तिचं बोलणं आटत आटत तीन गोष्टींवर आलं. "हं." "झालं." "नंतर, पप्पा." लिंबाजीराव शनिवारी एवढा प्रवास करून जायचे आणि रविवारी "नंतर, पप्पा" ऐकून परत यायचे. निकालाची भीती त्यांना नव्हतीच, पोरगी हुशार होती. भीती होती ती निकालानंतरची. निकाल लागला की ती शिकायला कुठंतरी लांब जाणार, मग नोकरी, मग लग्न. आपल्या घरातली पोर म्हणून तिचं हे शेवटचं वर्ष, आणि ते असं मुक्यानं चाललं होतं. लिंबाजीरावांना रात्री खिचडी खाताना हे आठवायचं आणि ताट अर्धंच राहायचं.

अशात एका रविवारी त्यांना भिंतीवर, रसायनशास्त्राच्या तक्त्याच्या खाली, पेपरातलं एक कात्रण चिकटवलेलं दिसलं. सायकल धरून उभी असलेली एक गोरी पोरगी, आणि मागं शेळ्या.

"ही कोण गं?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

आणि प्रिया बोलली की हो! "फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या पोरीचा पिक्चर हाय पप्पा. तिचा बाप शेळ्या पाळतो, अन् ती शिकायला शहरात जाती. मोठं बक्षीस मिळालंय त्याला. आता सीडी निघाली म्हणं, घरी बघता येतो. मला लई बघावं वाटतं." एवढं बोलून तिनं पुन्हा पुस्तकात मान घातली. "जाऊ द्या. बारावी झाल्यावर बघू."

"सराव परीक्षा झाली की मी दाखवतो," लिंबाजीराव म्हणाले. "शब्द दिला."

शब्द देऊन ते नांदेडला आले आणि सोमवारीच मोहियोद्दीनच्या व्हिडिओ लायब्ररीत गेले. मोहियोद्दीन त्यांचा जुना दोस्त.

"फ्रेंच?" मोहियोद्दीननं आधी दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. "लिंबाजीराव, भाभी लातूरला गेल्यापासून तुमची तबियत मला ठीक नाही दिसत."

"अहो, तसलं काही नाही! मला पोरीसोबत बघायचाय!"

हे ऐकून मोहियोद्दीननं शटर पुरतं खाली ओढलं.

मग लिंबाजीरावांनी खिशातून कात्रणाची झेरॉक्स काढून दाखवली, शेळ्या दाखवल्या, "हं, झालं, नंतर पप्पा" सांगितलं. मोहियोद्दीनचीही पोरगी अर्शी यंदा दहावीला होती. त्यानं झेरॉक्स पुन्हा एकदा बघितली. मग शटर वर ढकलत म्हणाला, "हैदराबादहून मागवतो. आजपासून हा पिक्चर माझ्या इज्जतीचा सवाल."

इज्जतीचा सवाल लवकरच लिंबाजीरावांच्या वाट्याला आला. ऑफिसातल्या नरसिंगरावांनी मोहियोद्दीनच्या दुकानात त्याला फोनवर "हनमंते साहेबांचा फ्रेंच आला का?" असं विचारताना ऐकलं, आणि दुपारच्या चहापर्यंत ते सगळ्या खात्याला माहीत झालं. ज्या माणसाच्या टेबलाकडं आजवर कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याच्याकडं लोक डोळे मिचकावून बघायला लागले. नरसिंगराव खुर्ची ओढून जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "खिडकीला काळा कागद लावा. अन् आपल्याला इसरू नका." बड्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून कालव्याची फाईल मागितली, ती उघडलीच नाही, आणि "काय हनमंते, बाकी काय विशेष?" असं तीनदा विचारलं. लिंबाजीराव ज्याला त्याला सांगत सुटले, "अहो, शेळ्यांचा पिक्चर हाय." त्यावर लोक जास्तच हसायचे.

पार्सल हैदराबादच्या बसनं आलं. पण स्टँडवरच्या पार्सलच्या खिडकीवरच्या माणसानं वरची चिठ्ठी वाचली आणि पार्सल पुन्हा आत ओढलं.

"परदेशी पिक्चर. आम्हाला जोखीम नको. चौकीवरनं लिहून आणा, यात आक्षेपार्ह काही नाही म्हणून."

चौकीतले जमादार सज्जन होते. त्यांनी लिंबाजीरावांना बसवलं, पाणी दिलं आणि अगदी बिनतोड प्रश्न विचारला. "न बघता मी कसं लिहून देऊ?"

म्हणून मग मोहियोद्दीनच्या दुकानात सरकारी पाहणी झाली. जमादार, दोन शिपाई, पार्सल घेऊन आलेला खिडकीवरचा माणूस, आणि साक्षीदार म्हणून नरसिंगराव. यांना कुणी बोलावलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. लिंबाजीराव मात्र बाहेर पाठ करून उभे राहिले. पिक्चर पहिल्यांदा बघायचा तो पोरीसोबतच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आतून शेळ्यांचं बें बें ऐकू येत होतं. बराच वेळ नुसतं तेच येत होतं. मध्येच जमादारांचा आवाज आला, "पुढं तरी आहे का काही?" मग पुन्हा शेळ्या. मग चहा गेला. मग शेवट न बघताच सगळे बाहेर आले, आणि कुणीच कुणाकडं बघेना.

"घ्या तुमचा दाखला," जमादार रागानं म्हणाले. "अन् पुन्हा असले पिक्चर मागवून पोलिसांचा वेळ खराब करू नका."

नरसिंगराव तर तोंड पाडून म्हणाले, "हनमंते, तुम्ही फसवलं राव आम्हाला." ऑफिसात डोळे मिचकावणं त्या दिवसापासून बंद झालं. खरं सांगायचं तर लिंबाजीरावांना त्याचंही थोडं वाईट वाटलं.

सीडी आली, पण लावायची कशावर? लातूरच्या त्या गल्लीच्या आसपास टीव्ही भाड्यानं द्यायला कुणी तयार नव्हतं. दुकानदार आधी विचारायचे, "घरात बारावी आहे का?" आणि हो म्हटलं की हात जोडायचे. तेव्हा नांदेडहूनच न्यायचं ठरलं. मोहियोद्दीननं आपला लहानातला लहान टीव्ही काढला, प्लेअर काढला, आणि दोन्हींच्या वायरी जोडून दाखवल्या.

"प्लेअर जरा लाडावलेला हाय," तो म्हणाला. "मध्येच अडकतो. अडकला की वरून एक चापट द्यायची. जोरात नको. रुसलेल्या लेकराला देतो तशी, मायेची."

शनिवारी लिंबाजीरावांनी टीव्हीला गोधडी गुंडाळली आणि मांडीवर घेऊन एसटीत बसले. प्लेअर पिशवीत, पिठाखाली. कंडक्टरनं विचारलं, "पेशंट हाय का?" लिंबाजीराव नाही म्हणाले की हो म्हणाले ते त्यांनाच कळलं नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, शेजारची म्हातारी गोधडीकडं बघून बघून शेवटी कळवळली. "दादा, लेकराच्या तोंडावरचं काढा की. गुदमरंल ते."

"झोपलंय," लिंबाजीराव म्हणाले.

"लई गरीब हाय बाई. मघापासून हूं की चूं न्हाई." म्हातारीनं गोधडीवरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. लिंबाजीरावांना खिडकीबाहेर बघण्यावाचून इलाज राहिला नाही.

दारात गौरम्मा उभीच होती. "एनिदु? काय आणलं हनमंते साहेब?"

रस्ताभर लिंबाजीरावांनी या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं आणि आयत्या वेळी ते विसरले. तोंडातून निघालं, "शिलाई मशीन. सरजाला."

"छान!" गौरम्मा खूश झाली. "बायकांनी हाताला काम ठेवावं." आणि लिंबाजीराव खोलीत पोचून गोधडी सोडतात न सोडतात तोच ती उशांच्या अभ्र्यांचं कापड घेऊन दारात हजर. "सहा शिवून द्या सरजाबाई. उद्या दिले तरी चालतील."

प्रिया क्लासला गेली होती. दार लावल्यावर सरजाबाईनं जे काही ऐकवलं ते हलक्या आवाजात ऐकवलं, म्हणून जास्त लागलं. "बारावीच्या घरात टीव्ही! येडं लागलं का तुम्हाला? खोली गेली तर परीक्षेच्या तोंडावर पोरीला घेऊन कुठं जाऊ मी? अन् मशीन म्हणं! आता हे मी काय दातानं शिवू?"

"शब्द दिला होता सरजा," लिंबाजीराव एवढंच म्हणाले. "ती माझ्याशी बोलत न्हाई गं."

सरजाबाईनं सुईत दोरा ओवला, पहिला अभ्रा मांडीवर घेतला, आणि म्हणाली, "माझ्याशी तरी कुठं बोलती? चार दिस झाले, अर्धी भाकर ताटात ठिवून उठती." मग दोरा तोडून म्हणाली, "उद्या सराव परीक्षा संपल्यावर लावा, तवर तिला दिसू देऊ नका. आवाज बारीक ठिवा. अन् गौरम्माला कळलं तर मी तुम्हाला वळखत न्हाई."

रविवारी दुपारी प्रिया क्लासच्या सराव परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आली. टेबलावर टीव्ही, खिडकीला गोधडी, दाराला आतून कडी. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. "खरंच आणला?" एवढंच म्हणाली. लिंबाजीरावांना वाटलं होतं ती उडी मारील. पण उडी मारायची सवय गेली असावी.

लिंबाजीरावांनी टीव्ही सुरू केला, इतक्यात शेजारच्या खोलीतल्या सुलतानबी आल्या. या औशाच्या, नात कहकशां हिच्या बारावीसाठी खोली करून राहिलेल्या. मीठ मागायच्या निमित्तानं त्यांनी दाराच्या फटीतून आत बघितलं. "हौ हनमंते भाई, मशीन में से उजाला आ रा," त्या म्हणाल्या. आता त्यांना आत घेतल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. त्या नातीला घेऊन आल्या, पानदान उघडून ऐसपैस बसल्या, आणि फ्रेंच पिक्चर एकदाचा लागला.

पिक्चरमध्ये घडत काहीच नव्हतं. पोरगी उठायची, शेळ्या सोडायची, सायकलवर शाळेत जायची. बाप टोपी घालून दूध काढायचा आणि बोलायचा कमी. खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि वाचेपर्यंत पळून जायची. सरजाबाई म्हणाली, "काय म्हणून राहिलाय तो?"

"म्हणतोय, काळ्या शेळीचं दूध कमी झालं," प्रिया म्हणाली.

"अन् ती?"

"ती म्हणती, मला शहरातल्या शाळेचं पत्र आलंय. पण ती त्याला सांगत न्हाईय, मनातच म्हणती."

"बाप को मालूम है," सुलतानबी पान चघळत म्हणाल्या. "देखो ना, बाल्टी कैसा रखा. जिसको मालूम नै वो बाल्टी ऐसा नै रखता."

"न्हाई हो आजी, त्याला अजून न्हाई माहीत!"

"मालूम है मैं बोलरी ना."

आणि खरंच, पुढच्याच प्रसंगात बापाला माहीत होतं. प्रिया हसली. मग सांगायलाच लागली. अक्षरं येत होती तेवढं सांगितलं, नव्हती तिथं मनानं सांगितलं, बापाचा आवाज जाड करून, मास्तरणीचा नाकातून काढून. सुलतानबी आधीच पुढचं सांगून टाकायच्या, प्रिया त्यांच्याशी भांडायची, कहकशां मध्ये पडायची. सरजाबाईच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. लिंबाजीराव पिक्चर बघतच नव्हते. ते भिंतीला टेकून पोरीचा आवाज ऐकत होते, आणि गालावरून पाणी आलं ते शर्टाला पुसत होते. एवढं सुख त्यांना कायम झाल्याची ऑर्डर आली तेव्हाही झालं नव्हतं.

शेवट आला. रेल्वेचं स्टेशन. पोरगी पेटी घेऊन डब्यात चढली. बाप टोपी हातात घेऊन खाली उभा. गाडी सुटायला आली, बापानं तोंड उघडलं, आणि प्लेअर अडकला.

बाप तसाच तोंड उघडून उभा.

"काय म्हणतो ते?" प्रिया ओरडली. "पप्पा, काय म्हणतो ते!"

लिंबाजीरावांनी प्लेअरला मायेची चापट दिली. काही नाही. जरा कमी मायेची दिली. बाप तसाच. मागून चौघींचा गलका, "मारा की जोरात!" तेव्हा लिंबाजीरावांनी पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं दाबून ठेवलेली सगळी ताकद काढली आणि दिली एक ठेवून. टेबल भिंतीवर आदळलं. भिंत हलली. पलीकडं आधी फुलपात्र पडलं, मग तांब्या, मग चरवी, मग कळशी, आणि मग हंडा गडगडत पडवीतून अंगणात गेला.

"भूकंप!" गौरम्माची किंकाळी आली.

काय झालं हे लिंबाजीरावांना नक्की माहीत होतं. भांडी का पडली हे जगात कुणाला माहीत असेल तर त्यांना. पण त्या भागात तो आवाज ऐकल्यावर डोकं चालत नाही, पाय चालतात. क्षणात सगळं घर अंगणात, आणि दुसऱ्या क्षणाला सगळी गल्ली रस्त्यावर. कुणाच्या हातात पुस्तकं, कुणाच्या हातात कुकर. सुलतानबी पानदान घेऊन, सरजाबाई अर्धा शिवलेला अभ्रा घेऊन. आणि अंगणाच्या मधोमध, टीव्ही छातीशी कवटाळून, वायरी मागं लोंबत, लिंबाजीराव हनमंते.

जमीन काही हलत नव्हती. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग सगळे मिळून लिंबाजीरावांकडं बघायला लागले.

गौरम्मा पुढं आली. "एनिदु?" तिनं टीव्हीभोवती एक फेरी मारली. "हे तुमचं शिलाई मशीन?"

लिंबाजीरावांनी टीव्ही आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात सरजाबाईला कंठ फुटला. "बघा हो बघा! पोटची पोर आत, अन् ह्या माणसानं काय उचललं ते बघा!"

हे मात्र लिंबाजीरावांना काळजात लागलं. खरंच की. ज्या पोरीसाठी एवढं केलं ती आत राहिली, आणि आपण मोहियोद्दीनचा टीव्ही घेऊन पळालो. "प्रिया!" म्हणून ते गर्रकन वळले. प्रिया त्यांच्या पाठीमागंच होती. तिनं पुस्तक उचललं नव्हतं, वही उचलली नव्हती. तिच्या मुठीत लिंबाजीरावांच्या शर्टाची बाही होती, खांद्यापासून उसवलेली. टीव्ही घेऊन दारात अडकलेल्या बापाला तिनंच ओढून बाहेर काढलं होतं.

तिनं त्या बाहीकडं बघितलं, मग टीव्हीकडं. "पप्पा," ती म्हणाली, "खिडकीची गोधडी काढून तुम्ही टीव्हीला गुंडाळली? भूकंपात?"

लिंबाजीरावांनी खाली बघितलं. गुंडाळली होती. व्यवस्थित, चारी कोपरे खोचून.

"त्याला गार लागंल म्हणून?" प्रिया म्हणाली आणि हसायला लागली. अशी हसली की पोट धरून अंगणात खालीच बसली. कहकशां हसली, सरजाबाईचा राग तोंडातल्या तोंडात फुटला, आणि मोठ्यानं हसायला बंदी असलेलं ते अंगण, ती गल्ली, पुस्तकं छातीशी धरून उभी असलेली ती सुकलेली पोरं, सगळी हसत सुटली. फक्त गौरम्मा हसली नाही.

"उद्या सकाळी खोली खाली," ती म्हणाली.

परीक्षा महिन्यावर आली होती. लिंबाजीराव टीव्हीसकट पुढं आले. ते म्हणाले, "चूक माझी हाय गौरम्मा. पोरीला काही म्हणू नका. मी पाया पडतो."

"खाली कराओ बी, जरूर कराओ," सुलतानबी हंड्यावर बसत म्हणाल्या. "लेकिन वो बाप क्या बोला, ये तो देखने देव."

"कुठला बाप?"

मग सुलतानबींनी तिला सगळं सांगितलं. शेळ्या सांगितल्या, बादली सांगितली, पत्र सांगितलं, आई नसलेली पोर कशी सायकल शिकली ते सांगितलं. गौरम्मा आधी तोंड फिरवून ऐकत होती, मग कमरेवर हात ठेवून, मग पायरीवर बसून. स्टेशनपर्यंत गोष्ट आली तेव्हा ती लिंबाजीरावांवर खेकसली, "उभे काय राहिलात? वायर लावा!"

आतून प्लेअर आणला, टीव्ही धुण्याच्या दगडावर ठेवला. अख्खी गल्ली बसली. स्टेशन आलं, बाप आला, टोपी हातात आली, तोंड उघडलं आणि प्लेअर पुन्हा तिथंच अडकला. गौरम्मा उठली आणि तिनं स्वतः चापट दिली. प्लेअरनं सीडी बाहेर काढून दाखवली, आणि त्यानंतर तो कुणाच्याही हातानं चालला नाही.

"'अभ्यास कर' म्हणाला असणार," गौरम्मा म्हणाली. "दुसरं काय म्हणणार?"

"'येळेवर खात जा' म्हणला असंल," सरजाबाई म्हणाली.

"खुदा हाफिज बोला, उनकी जबान में," सुलतानबी म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटतं हनमंते साहेब? तुम्ही बाप आहात," गौरम्मानं विचारलं. लिंबाजीरावांना काही सुचेना. गौरम्मानं मग निकाल दिला. टीव्ही आजच्या गाडीनं नांदेडला गेला पाहिजे. खोलीचं मागाहून बघू, आधी तिचे सहा अभ्रे पूर्ण झाले पाहिजेत. "आणि टाके बारीक घाला सरजाबाई," ती आत जाता जाता म्हणाली. "मशीनचे वाटले पाहिजेत."

संध्याकाळी स्टँडवर प्रिया सोडायला आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. प्लेअरची पिशवी तिच्या हातात, आणि तोंडाला दम नाही. क्लासचे सर कसे खडू फेकतात, कहकशां झोपेत सूत्रं कशी म्हणते, गौरम्मा पळाली तेव्हा तिचा चेहरा कसा होता, सगळं नकलेसकट. लिंबाजीराव टीव्ही मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. पिशवी आत देऊन ती खाली उभी राहिली. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गुरगुरली. लिंबाजीरावांना काहीतरी सांगायचं होतं. सांगायचंच होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

प्रियानं खिडकीतून हात घातला आणि त्यांच्या खांद्यावर, उसवलेल्या बाहीपाशी, हलकीच चापट दिली. "अडकलात का, पप्पा?"

"तू नसलीस की घरात करमत न्हाई गं मला," लिंबाजीराव म्हणाले.

गाडी सुटली. प्रिया दोन पावलं नुसती बघत राहिली आणि मग पिशव्या-माणसं चुकवत गाडीबरोबर पळायला लागली. "पप्पा!" ती ओरडत होती. "पप्पा, तो पण हेच म्हणला असणार!"

"कोण?" कंडक्टरनं विचारलं.

"शेळ्यावाला," लिंबाजीराव म्हणाले आणि टीव्हीची गोधडी सारखी करायला लागले.